जावयासाठी राखून ठेवलेली पिशवी

मी पोहण्याच्या तलावावर मास्तर आहे. गळ्यात शिट्टी अडकवून अर्ध्या चड्डीत तलावाच्या कडेनं फिरायचं आणि पाण्यात हातपाय मारणाऱ्यांवर ओरडायचं, हे माझं काम. या कामात एक मोठा धोका आहे आणि तो बुडण्याचा नाही. वर्षानुवर्षं उघड्या अंगानं चारचौघांत वावरलं की माणसाला आपल्या अंगाचा गर्व होतो. मला तो भरपूर झाला. पन्नाशी उलटून गेली तरी नवा सभासद दारातून आत आला की मी पोट आत ओढून घेतो आणि तो कपडे बदलायच्या खोलीत शिरेपर्यंत श्वास सोडत नाही. आमची ही म्हणते, "एक दिवस असे उभ्या उभ्या जाल, आणि लोकांना वाटेल मास्तर फोटोसाठी थांबलेत."

ही चष्म्याच्या दुकानात काम करते. काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, स्क्रू आवळायचे. अंगानं इतकी बारीक, की मी लग्नापासून तिला 'काडी' म्हणतो. ती मला 'अहो' म्हणते. रागावली की 'मास्तर' म्हणते, आणि मग मी त्या दिवशी घरात जरा जपून वावरतो.

अंगाच्या खालोखाल मला गर्व होता तो रक्ताचा. माझा गट ओ निगेटिव्ह. फार थोड्यांचा असतो, आणि अडीअडचणीला कुणालाही देता येतो, असं रक्तपेढीतल्या ताईंनी पहिल्यांदा सांगितलं त्या दिवसापासून माझे पाय जमिनीला लागले नाहीत. मुदत भरली रे भरली की मी रक्त द्यायला हजर. रक्तदात्याचं कार्ड पाकिटात अशा जागी ठेवायचं, की बसचं तिकीट काढतानाही कंडक्टरला दिसलं पाहिजे. एकदा एका कंडक्टरनं ते पास समजून पाहिलं आणि म्हणाला, "हे इथं चालत नाही." मी त्याला पुढचे चार थांबे रक्तदानाचं महत्त्व सांगितलं. तो पाचव्या थांब्यावर पुढच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

गंमत म्हणजे हिचाही गट तोच. पण ते मी कधी जमेस धरलंच नव्हतं.

आता जावयाबद्दल. आमचे जावईबापू इमारतींचे नकाशे काढतात. सावकाश बोलणारा, पेन्सिलीला टोक काढतानाही घाई न करणारा माणूस. त्याला पाण्याची भीती वाटते. पोहायच्या मास्तराचा जावई आणि पाण्याला भितो म्हणजे माझ्या अब्रूचा प्रश्न. लग्नानंतर मी त्याला तलावात उतरवला, तर तो कड धरून उभा राहिला आणि तास संपेपर्यंत त्यानं ती सोडली नाही. तेव्हापासून मी त्याला 'कडेकर' म्हणतो. तोही हसतो. सासऱ्याच्या विनोदाला हसायचं असतं हे त्याला कुणीतरी नीट शिकवलेलं आहे.

या कडेकराच्या यकृतात गाठ निघाली. पोट दुखतं म्हणून तपासायला गेला आणि भलतंच हाती आलं. गाठ वाईट नव्हती, पण वाढत होती, आणि एका मोठ्या रक्तवाहिनीला खेटून बसली होती. सर्जन म्हणाले, काढायला हवी, आणि काढताना रक्त जाऊ शकतं, म्हणून दोन पिशव्या हाताशी असल्याशिवाय मी सुरुवात करणार नाही. जावयाचा गटही ओ निगेटिव्हच निघाला. मुलीचा तोच, पण तिचं बाळ अजून अंगावर पीत होतं, त्यामुळे तिला नको म्हणाले. मुलगी रडली, हिनं तिला जवळ घेतलं, आणि मी, खरं सांगायचं तर, आतून सुखावलो. जावयाला गाठ आली म्हणून नव्हे हो! इतकी वर्षं अनोळखी लोकांना देत आलो, आता घरच्या घरी पराक्रम दाखवायची संधी आली, म्हणून.

दुसऱ्याच दिवशी रक्तपेढीत गेलो. ही माझी पाण्याची बाटली धरायला सोबत आली होती. तिथल्या ताई मला ओळखत होत्या.

"मास्तर, जावई म्हणजे रक्ताचं नातं नाही ना? मग हरकत नाही," त्या म्हणाल्या. "जवळच्या रक्ताच्या नात्यातलं आम्ही टाळतो. पण एक सांगू? नाव घालून अडवून ठेवू नका. आमच्याकडे जुनी पिशवी आधी बाहेर जाते. तुमची आम्ही साठ्यात सोडतो, ज्याला आधी लागेल त्याला जाईल. तुमच्या जावयाच्या वेळी जी असेल ती त्यांना."

"आणि त्या वेळी नसली तर?"

"तर दुसऱ्या पेढीतून मागवू. रोजचंच आहे आमचं."

"नको. यावर जावयाचं नाव घाला. माझी पिशवी जावयालाच गेली पाहिजे."

नसली तर काय, ही काळजी अगदीच खोटी नव्हती. पण खरं कारण वेगळं होतं. कडेकराच्या अंगात माझं रक्त गेलेलं मला पाहायचं होतं. पुढे तो पोहायला लागला असता, जिने भराभर चढला असता, मोठ्यानं हसला असता, तर दर वेळी मला म्हणता आलं असतं, "कुणाचं रक्त आहे शेवटी!" वाक्यसुद्धा तयार होतं.

ताईंनी मान हलवली आणि चिठ्ठी लावली. तेवढ्यात ही म्हणाली, "दोन लागणार आहेत ना? माझं घ्या मग दुसरं."

मला हसूच आलं. "हिच्यात काय आहे काढायला? सुई घातलीत तर नुसती हवा येईल."

ताई हसल्या नाहीत. त्यांनी हिला वजनकाट्यावर उभं केलं, ती जेमतेम पास झाली. बोटाला टोचून पाहिलं, तिथं दणदणीत पास झाली. माझी पिशवी झरझर भरली, आणि ती किती लवकर भरली हे मी शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगितलं. हिची सावकाश भरत होती. मी उठून चहा पिऊन, बिस्किटं खाऊन परत आलो तरी ही आपली छताकडे बघत पडलेली. "झालं का गं?" मी विचारलं. "घाई काय आहे?" ती म्हणाली.

दोन्ही पिशव्या एकाच दिवशी, एकाच फ्रीजमध्ये, एकाच फळीवर गेल्या. दोन्हींवर जावयाचं नाव.

ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं. तेवढ्यावर थांबलो असतो तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण मी मास्तर. मला वाटलं, ऑपरेशन म्हणजे शरीराची परीक्षा, आणि परीक्षेला पोरगा तयारी न करता कसा बसणार? मी जावयाला सकाळी सकाळी तलावावर बोलावलं. म्हटलं, गार पाण्यात चार दिवस उतर, अंग कसं तांब्यासारखं होईल. तो म्हणाला, "बाबा, डॉक्टरांना विचारू का?" मी म्हटलं, "डॉक्टरांना पोहता येतं का?"

सासऱ्याला नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. चार दिवस तो कड धरून गार पाण्यात कुडकुडत उभा राहिला. पाचव्या दिवशी खोकला सुरू झाला, सहाव्या दिवशी ताप. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि ऑपरेशन पुढे ढकललं. असं कसं झालं म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा जावई म्हणाला, "हवा बदलली ना." माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या दिवशी हिनं मला घरी येईपर्यंत तीनदा 'मास्तर' म्हटलं.

खोकला काही हटेना. मधेच एक दिवस रक्तपेढीतल्या ताईंचा फोन आला.

"मास्तर, तुमच्या जावयाची तारीख अजून लांब आहे ना? आमच्याकडे एक बाळंतीण आहे, तुमच्याच गटाची. साठ्यात आत्ता काही नाही. तुमची सोडू का?"

मी तलावाच्या कडेला होतो. समोर पोरं पाणी उडवत होती. मी म्हटलं, "नाही हो ताई. ती जावयाची आहे."

"मग दुसरी? तुमच्या मिसेसची?"

"दोन्ही नको. दोन्ही ठेवा."

हिला विचारलंही नाही. हिची पिशवीसुद्धा माझ्याच कपाटातली असल्यासारखा बोललो आणि परत शिट्टी वाजवली. ताईंनी दुसऱ्या पेढीतून आणून भागवलं, बाळंतीण सुखरूप घरी गेली, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी ते विचारलं नव्हतं.

शेवटी नवी तारीख मिळाली. जावई दवाखान्यात दाखल झाला. आदल्या दिवशी सकाळी रक्तपेढीतून निरोप आला, जरा येऊन जा. मी इस्त्रीचा शर्ट घातला. मला वाटलं, पिशव्या हाती देण्याआधी दोन कौतुकाचे शब्द बोलायचे असतील. हीही आली.

या वेळी ताईंच्या जोडीला रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आमच्या दोन्ही पिशव्या टेबलावर शेजारी शेजारी उभ्या ठेवल्या. फ्रीजमध्ये उभी राहिली की तांबड्या पेशी खाली बसतात आणि वर थोडं पाण्यासारखं दिसतं. एका पिशवीत ते वरचं स्वच्छ होतं, जरासं पिवळट. दुसऱ्या पिशवीत ते लाल झालं होतं, सरबत कालवावं तसं.

"लाल आहे ती माझी ना?" मी म्हटलं. मला वाटलं, जास्त लाल म्हणजे जास्त चांगलं.

"तुमचीच," बाई म्हणाल्या. "आणि ती आम्हाला देता येणार नाही. वरचं लाल झालं म्हणजे आतल्या पेशी फुटल्यात."

"तुमचा फ्रीज बिघडला असणार."

"एकाच फ्रीजमध्ये होत्या दोन्ही. एकाच फळीवर. शेजारी शेजारी."

"मग पिशवी खराब निघाली असेल."

"पिशव्याही एकाच खोक्यातल्या."

ही माझ्या दंडाला हात लावून हळूच म्हणाली, "अहो, ऐकून तरी घ्या."

मग बाईंनी समजावून सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. सगळ्यांचं रक्त सारखं टिकत नाही म्हणाल्या. अंगात असताना दोघांचंही ठणठणीत असतं, पण बाहेर काढून गारठ्यात ठेवलं की कुणाच्या पेशी तग धरतात, कुणाच्या लवकर फुटायला लागतात. काही जन्मजात असतं, काही वयाचं, काही अंगकाठीचं. बायकांच्या पेशी साधारणपणे पुरुषांपेक्षा चिवट निघतात. "तुम्हाला काही आजार नाही, मास्तर. तुमचं रक्त ताजं वापरलं तर उत्तम आहे. ते साठवणीचं नाही, एवढंच. आणि तुमच्या मिसेसचं बघा, इतके दिवस झाले तरी काल भरल्यासारखं आहे."

मी हिच्याकडे पाहिलं. ती आपल्या पिशवीकडे बघत होती, दुकानात गिऱ्हाईकाला द्यायच्या आधी काच उजेडात धरून बघते तशी. दुसरी एखादी बाई असती तर याच क्षणी माझी सगळी काड्याकुड्यांची भाषा मला परत केली असती. ही काही बोलली नाही. मला तेच जास्त लागलं.

"मग इतकी वर्षं मी दिलं ते?" मी विचारलं. "ते सगळं असंच फुटून गेलं?"

"छे हो," ताई म्हणाल्या. "तुमचा गट आमच्याकडे पडून कुठं राहतो? आज आलं की दोन-चार दिवसांत बाहेर. ते सगळं कामी आलं. पडून राहिली ती ही एकच."

त्या बिचाऱ्या मला धीर द्यायला बोलल्या. पण त्या वाक्यानं माझी उरलीसुरली हवा गेली. आजवर दिलेल्यातलं वाया गेलं ते एवढंच, जे मी मुठीत धरून ठेवलं होतं. मागितलं होतं तेव्हा सोडलं असतं, तर एका बाळंतिणीच्या अंगात गेलं असतं. मी शर्टाची बाही वर सरकवली. "आत्ता घ्या. ताजं घ्या. उत्तम आहे म्हणालात ना?"

"मुदत भरलेली नाही तुमची. नाही घेता येणार."

"मला काही होत नाही हो. माझं अंग बघा."

"मास्तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाही खाली करा."

मी बाही खाली केली. म्हणजे आता जावयासाठी एकच पिशवी होती, हिची. साठ्यात या गटाचं काही नव्हतं, दुसऱ्या पेढ्यांकडे विचारणं चालू होतं. आणि सर्जनांचा हट्ट होता की दोन असल्याशिवाय हात लावणार नाही. तो हट्ट बरोबर होता, हे मलाही कळत होतं. तारीख पुन्हा हुकली तर पुढची कधी मिळेल कुणी सांगत नव्हतं, आणि गाठ काही तारखेसाठी थांबणार नव्हती.

दवाखान्यात मुलगी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. मी तिला काय झालं ते सांगितलं, सगळं, गार पाण्यापासून. ती बाळाचं टोपडं नीट करत राहिली. बोलला तो जावई.

"बाबा, असू द्या. पुढची तारीख घेऊ."

त्याचा आवाज नेहमीसारखाच सावकाश होता, पण हात खाटेच्या लोखंडी दांडीवर होता आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती. इतकी वर्षं मी ज्या पकडीला हसत आलो ती ही. मला त्या वेळी पहिल्यांदा कळलं की भ्यालेला माणूस समोरच्याला धीर देतो तेव्हा त्याला किती बळ लागत असेल. माझ्यात तेवढं नव्हतं. मी बाहेर जाऊन खिडकीशी उभा राहिलो आणि ओळखीच्या प्रत्येकाला फोन लावत सुटलो. बहुतेकांना वाटलं मी रक्तदानाचं महत्त्व सांगायला फोन केलाय. दोघांनी उचललाच नाही. कंडक्टरचा नंबर असता तर त्यालाही लावला असता.

दुपार कलल्यावर ताईंचा फोन आला. "मास्तर, दुसरी मिळाली. काल कुणीतरी येऊन देऊन गेलं होतं, त्याच्या तपासण्या आत्ता पूर्ण झाल्या. जावयाशी जुळवूनही पाहिलंय. उद्याचं होऊ द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला आत नेलं. आम्ही बाहेरच्या बाकावर. मी उठायचो, बसायचो, परत उठायचो. ही म्हणाली, "शिट्टी आणली नाहीत ते बरं केलंत." मी बसलो.

बऱ्याच वेळानं सर्जन बाहेर आले. तोंडावरचा मास्क खाली केला. म्हणाले, गाठ निघाली. मध्येच रक्तवाहिनीशी अडलं, वाटलं होतं त्यापेक्षा जास्त रक्त गेलं. पहिली पिशवी चढवली, ती संपता संपता दुसरीही लावावी लागली. "दुसरी नसती तर अवघड होतं," ते म्हणाले आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवून निघून गेले.

मुलगी आईच्या गळ्यात पडली. साहजिकच. पहिली पिशवी तिच्या आईची होती. आणि मी जिना उतरून थेट रक्तपेढीत गेलो.

"ताई, ती दुसरी कुणाची होती?"

"ते सांगत नाही आम्ही."

"आभार मानायचेत नुसते. बाई होती की पुरुष, एवढं तरी?"

"मास्तर, खरंच सांगू नये असा नियम आहे. आलं कुणीतरी, दिलं, चहा प्यायलं, गेलं."

"कुणासाठी द्यायचंय, काही म्हणाले का?"

"नाही हो. तसं फारसं कुणी म्हणतच नाही."

मी बाहेर आलो. मी मोठ्या अंगाचा माणूस, दवाखान्याच्या बोळात मधोमध उभा राहून रडत होतो आणि लोक मला वळसा घालून जात होते. मग त्या जाणाऱ्यांकडे पाहता पाहता माझ्या डोक्यात भलतंच भरलं. हा असेल. किंवा ती. परवाच येऊन गेलंय म्हणजे इथलंच कुणीतरी. लिफ्टपाशी एक गृहस्थ होते, त्यांच्यासाठी मी दार धरलं. ते आत गेले, तरी धरूनच ठेवलं. बाकावर एका पोरानं पाय वर घेतले होते, त्याला एरवी मी झापला असता, त्याला म्हटलं, बस बाबा, आरामात बस. दाराशी एक वयस्क बाई भाजीची जड पिशवी घेऊन पायऱ्या उतरत होत्या. मी धावत जाऊन त्यांच्या हातातून ती घेतली.

त्या ओरडल्याच. "अहो! सोडा! कोण तुम्ही?"

"उचलून देतो, बाई."

"मी ओळखते का तुम्हाला?"

"नाही."

"मग तुम्ही ओळखता मला?"

"नाही," मी म्हटलं. "तेच तर."

त्यांनी पिशवी हिसकावून घेतली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि झपाझप फाटकाकडे निघाल्या. मी तिथंच पायरीवर हात जोडून उभा होतो. दोनदा मागं वळून पाहिलं त्यांनी, मी पाठोपाठ येत नाही ना म्हणून. वेड्यात काढलं असणार मला. त्याच होत्या असं माझं म्हणणं नाही. पण त्या नव्हत्या कशावरून?